तांड्याचा सांगाती : संत सेवालाल महाराज

चैत्र शुद्ध नवमीस सूर्य माथ्यावर आला की गावोगावच्या राममंदिरांत पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो, कीर्तनकार रामजन्माचे आख्यान लावतात. यवतमाळ जिल्ह्यातही हे सारे यथासांग पार पडते. मात्र पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव या तालुक्यांतील बंजारा तांडे त्या दिवशी ओस पडल्यासारखे दिसतात. तेथील माणसांची पावले आधीच पोहऱ्याच्या वाटेस लागलेली असतात. पूर्वी ही वाट बैलगाड्यांची होती. आज ती ट्रॅक्टर, जीप आणि एस. टी. गाड्यांची आहे. पायी जाणारेही आहेतच. पोहरादेवी हे गाव आज वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात मोडते. १९९८ साली तो जिल्हा वेगळा होण्यापूर्वी ते अकोला जिल्ह्यात होते. हद्दीची रेघ कोठूनही जावो, यवतमाळच्या तांड्यांनी पोहऱ्यास परमुलूख कधी मानले नाही. तेथे जगदंबेचे देऊळ आहे आणि तिच्याच सान्निध्यात संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्रातून आणि शेजारच्या राज्यांतून लाखो बंजारे या लहानशा गावी एकत्र येतात.

श्रीरामनवमीच्या या पानावर आम्ही आज या महापुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, त्यास कारण आहे. ज्ञानोबा-तुकोबांची चरित्रे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जातात. सेवालाल महाराजांचे नाव मात्र शेजारच्या तांड्यातील प्रार्थनेत घेतले जात असूनही गावातील वाड्यांपर्यंत पोचावयास फार काळ लागला. गाव आणि तांडा यांमधील अंतर ते केवढे? एखाद्या नाल्याचे, एखाद्या टेकडीचे. परंतु तेवढे ओलांडूनही ही कथा इकडे आली नाही. त्यांच्या आयुष्यात जो प्रश्न उभा राहिला, तो तर कोणत्याही काळच्या माणसापुढे उभा राहणारा आहे. ज्या जगण्यात आपण वाढलो, ज्यावर आपली प्रतिष्ठा उभी राहिली, तेच हातून निसटू लागले असता त्यातील धरावे काय आणि सोडावे काय?

महाराजांचे चरित्र समजण्यास प्रथम लदेणी म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. आगगाडी आणि पक्के रस्ते होण्यापूर्वी या देशात अवजड मालाची ने-आण पुष्कळशी बैलांच्या पाठीवरून होत असे. पाठीच्या दोन्ही अंगांस गोण्या टाकावयाच्या, त्यांत मीठ अथवा धान्य भरावयाचे आणि शेकडो, प्रसंगी हजारो बैलांचा कळप हाकीत मुलुखामागून मुलूख ओलांडावयाचा, हा बंजाऱ्यांचा पिढीजात धंदा. किनाऱ्याचे मीठ आत येई, आतले धान्य बाहेर जाई. जेथे गाडीवाटही नाही अशा घाटांतून व रानांतून हा कळप सुखेनैव जाई. बैल वाटेवरच्या गवतावर चरत चालत, म्हणून या वाहतुकीचा खर्च अल्प. दुष्काळी मुलुखात धान्य पोचे ते बहुधा बंजाऱ्याच्या गोणीतूनच. फौजांचे तर यांच्यावाचून पाऊल पुढे पडत नसे. सतराव्या शतकात मोगलांच्या दक्षिणेवरील स्वारीत आसफखानाच्या सैन्यास भंगी आणि जंगी या नाईकांनी रसद पुरविली, त्या दोघांपाशी १,८०,००० बैल होते, ही गोष्ट बंजारा समाज आजही अभिमानाने सांगतो. १८०३ साली आडगाव व गाविलगडच्या लढायांसाठी वऱ्हाडात उतरलेल्या इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पत्रव्यवहारातही बंजाऱ्यांच्या रसदीचा विषय वारंवार येतो. लढणारे दोन्ही पक्ष एकमेकांचे रक्त सांडीत, परंतु लदेणीच्या तांड्यास दोघेही सहसा हात लावीत नसत. कारण पोट दोघांसही होते.

अशा तांड्यास घर नव्हते आणि शेतही नव्हते. त्याची संपत्ती चार पायांची आणि तीही चालती. नाईकाचा शब्द हा तेथला कायदा, कारभारी हा त्याचा सल्लागार आणि वंशावळी मुखोद्गत ठेवून गाणारा ढाडी हाच त्याचा ग्रंथ. कळपात एक बैल निराळा असे. त्याच्या पाठीवर गोणी कधी पडत नसे. तांबड्या वस्त्राने, घंटांनी व कवड्यांनी त्यास सजवीत आणि दिवसाची मजल संपत आली की तो जेथे बसेल तेथे तांड्याचा मुक्काम पडे. घरात दुखणे आले तर त्याच्यापुढे लोटांगण घालीत. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या जातिजमातींविषयीच्या जुन्या ग्रंथात या बैलाचे वर्णन आले आहे. सेवालाल महाराजांच्या कळपातील अशा अग्रेसर वृषभाचे नाव गराशा आणि त्यांच्या घोड्याचे नाव तोळाराम, असे परंपरा सांगते. पाणी कोठे आहे, श्वापदांचे भय कोठे आहे, याचा विचार नाईक करीतच असेल. तरीही अखेरचा निर्णय ज्या समाजाने एका मुक्या जनावराकडे सोपविला, त्याच्या श्रद्धेची जात कळावयास हा दाखला आम्हांस पुरेसा वाटतो.

परंपरेप्रमाणे महाराजांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ रोजी दक्षिणेत झाला. महाराष्ट्र शासनही याच तारखेस त्यांची जयंती साजरी करते. वडील भीमा नाईक, आई धर्मणी याडी, आजोबा रामजी नाईक, कुळी राठोडांची. जन्मस्थानाचा मान कर्नाटकातील सुरगोंडनकोप्प आणि आंध्रातील गुत्तीचा परिसर अशा दोन्ही ठिकाणांस दिला जातो. फिरत्या तांड्याच्या मुलास दोन जन्मगावे लाभावीत, यात नवल ते काय? भीमा नाईकापाशी गोधन उदंड होते, तांड्यात मान होता. उणे होते ते अपत्याचे. त्याने जगदंबेची आराधना केली. तिच्या प्रसादाने जो पुत्र झाला, तोच सेवा. मात्र देवीने पुत्र दिला तो एका बोलीवर: हा मुलगा पुढे माझा भगत होईल. त्या आनंदाच्या भरात बापाने ही बोली मान्य केली. मागणे पुरे होत असताना त्याची किंमत मोजून पाहण्याचे भान कोणास राहते?

बालपणाच्या कथा पुष्कळ आहेत. त्यांतील एक तांड्यातील आजीबाईंच्या विशेष आवडीची. सेवा गुरे राखावयास रानात जाई. एकदा भुकेलेल्या सोबत्यांपुढे त्याने ओढ्याकाठची चिखलमाती ठेवली आणि तिची गोड लापशी झाली. चमत्काराचा भाग ज्याचा त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. आमचे लक्ष जाते ते निराळ्या गोष्टीकडे. गाठीशी काही नसताना सोबत्यांस उपाशी ठेवावयाचे नाही, हा मुलाचा हट्ट कथेने जपून ठेवला आहे. हजारो गुरांच्या धन्याचा हा मुलगा, परंतु कथेत तो देतो ते घरच्या भांडारातले नव्हे, पायाखालच्या मातीतले.

मुलगा मोठा झाला आणि देवी आपले मागावयास आली. येथून या चरित्राचा खरा भाग सुरू होतो. सेवाने तिला नकार दिला. तोही एकदा-दोनदा नव्हे. वर्षानुवर्षे तो नकार देत राहिला. नकाराचे कारणही कथेत स्पष्ट आहे. देवीचा भगत व्हावयाचे तर तिला बोकडाचा बळी द्यावा लागणार, आणि सेवाला जीवहत्या नको होती. शिवाय तो नाईकाचा पुत्र. बैल, वाटा, बाजार, तांड्याचे रक्षण हे त्याचे ठरलेले भवितव्य. भगताचे आयुष्य म्हणजे अंगात देवी वागविण्याचे आयुष्य. त्यात स्वतःचे असे काही उरत नाही. कोणता तरुण ते आपखुशीने पत्करील?

मग देवी कोपली. तांड्यावर एकामागून एक संकटे आली. गुरे मरू लागली, माणसे आजारी पडली, चालत आलेला व्यवहार बसला. लोकांनी सेवाची मनधरणी केली. प्रत्यक्ष बापानेही केली. त्या बापाची स्थिती मनापुढे आणावी. ज्या देवीने मूल दिले ती आता मूल मागते, मूल जाऊ म्हणत नाही, आणि मधल्या मधे तांडा पोळतो. अखेर सेवा नमला. मात्र नमताना त्याने आपले एक राखले. त्याच्या स्थानी रक्ताचा नैवेद्य चढावयाचा नाही. गहू, गूळ, तूप यांचा गोड भोग चढेल. देवीनेही ते मानले. आज पोहऱ्यास आणि गावोगावच्या तांड्यांत महाराजांस गोडाचाच भोग लागतो, त्याचे मूळ या कथेत आहे. देवीपुढे बोकड कापण्याची चाल त्यानंतरही दीर्घकाळ चालली आणि तीविरुद्ध समाजातूनच आवाज उठले. तो वाद महाराजांच्या तारुण्याइतकाच जुना आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

संतचरित्रांत शरणागतीचे प्रसंग पुष्कळ येतात, परंतु इतक्या प्रदीर्घ भांडणानंतरची शरणागती विरळा. पुष्कळशा चरित्रकारांनी सेवालाल महाराजांच्या या नकाराची वर्षे दोन ओळींत गुंडाळली आहेत. जणू संताने देवीस नाही म्हणावे, ही झाकण्याची गोष्ट. आमचे मत उलट आहे. ज्याने कधी घट्ट धरलेच नाही, त्याच्या सोडण्यास मोल किती द्यावे? सेवाने जे सोडले त्यात वारसा होता, नाईकी होती, संसार होता. महाराज आजन्म अविवाहित राहिले. आईने आग्रह केला, तांड्याने केला. त्यांनी तो मानला नाही. घराण्याचे नाव पुढे चालावे म्हणून नवसाने मागितलेला हा मुलगा. त्याच्या ब्रह्मचर्याने भीमा नाईकाच्या घरात काय उलथापालथ झाली असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. धर्मणी याडीच्या दुःखाची गाणी मात्र आमच्या कानी कोणी घातली नाहीत.

यापुढील आयुष्यात महाराज तांड्याबरोबर फिरतच राहिले. अंगावर पांढरी वस्त्रे, मुखी देवीचे नाव, मागे गुरांचे खिल्लार. भगत झाले म्हणून त्यांनी लदेणी तत्काळ टाकली, असे परंपरा सांगत नाही. धंदा तोच, वाटा त्याच; बदलले ते मालकपण. गोण्या आता नाईकाच्या घरच्या न राहता देवीच्या तांड्याच्या झाल्या. हैदराबादकडील मुक्कामात निजामाच्या अधिकाऱ्यांशी खटके उडाल्याच्या कथा आहेत. मुंबईच्या किनाऱ्यास अडलेले जहाज त्यांनी हलविले आणि त्याबद्दल मोत्यांचा मान मिळाल्याने त्यांस मोतीवाळो म्हणू लागले, ही कथा सर्वतोमुखी आहे. या कथांच्या तपशिलात आम्ही येथे शिरत नाही. भारताच्या अर्ध्या भागात ज्यांचा व्यापार चाले त्या लोकांच्या संताची कथा बंदरापासून राजधानीपर्यंत फिरावी, हे स्वाभाविकच होय.

अधिक मोलाची गोष्ट त्यांच्या शिकवणीची. लेखन नसलेल्या गोरबोलीत ती शंभरावर वर्षे केवळ मुखाने टिकली. चोरी करू नये, खोटे बोलू नये, मद्य व व्यसन टाळावे, जीवांवर दया करावी, स्त्रीस मान द्यावा, पाणी जपावे, ही वचने आज प्रत्येक तांड्यात सांगितली जातात. त्यांतील एका शिकवणीचा भाव आम्हांस विशेष वाटतो: ऐकलेली गोष्ट प्रथम जाणून घ्यावी, नंतर चाळून पारखावी आणि मगच मानावी. ज्या पुरुषाने प्रत्यक्ष देवीचे मागणे वर्षानुवर्षे पारखले, त्याच्या मुखी हा उपदेश शोभतो. पुढील काळाविषयी त्यांनी काही भाकिते केली होती, असेही लोक मानतात. पैसे मोजून वाटीभर पाणी घ्यावे लागेल असे दिवस येतील, हे त्यांतील एक. नद्या-ओढ्यांच्या काठी मुक्काम करणाऱ्यांस तेव्हा ते विनोदाचे वाटले असेल. आज एस. टी. च्या थांब्यावर पाण्याची बाटली विकत घेणाऱ्या यात्रेकरूस त्यात विनोद वाटत नाही.

या सर्व उपदेशात एक गोष्ट आढळत नाही आणि ती न आढळणे महत्त्वाचे आहे. लदेणी सदैव चालेल, असे आश्वासन महाराजांनी कोठे दिलेले नाही. बैल, गोणी, मीठ यांस त्यांनी धर्माचा भाग केले नाही. त्यांनी जे नियम लावले ते चालत्या तांड्यासही पाळता येतील आणि बसत्या तांड्यासही. देवीही अशी की तिला दगडी गाभाऱ्याची गरज नाही. तांड्याच्या मध्यभागी निशाण रोवले की ठाणे झाले. धंदा बदलला तर देव मागे राहावा, अशी गाठच त्यांनी मारली नव्हती. हे त्यांनी जाणून केले की परिस्थितीने झाले, याचा निवाडा करण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. परंतु पुढे जे घडले ते पाहता या गोष्टीचे मोल फार मोठे ठरले.

आयुष्याच्या अखेरीस महाराज वऱ्हाडात आले. पैनगंगेच्या उत्तरेचा हा डोंगराळ, गवताळ प्रदेश गुरांच्या खिल्लारांस सोयीचा होता. दिग्रस-पोहरा भागातील रुईगड येथे त्यांनी देह ठेवला. परंपरा त्याचे साल १८०६ सांगते. समाधी मात्र पोहऱ्यास, जगदंबेजवळ बांधली गेली. ज्या देवीशी तारुण्यात भांडण झाले तिच्याच शेजारी अखेरचा मुक्काम पडला.

त्यानंतर साठ-सत्तर वर्षांत तांड्याचे जग पालटले. आरंभी काही जाणवले नाही. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी व पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणात मुंबईस प्रथम धाडला तो ५०० बैलांच्या पाठीवरूनच. गंगेकाठच्या मिर्झापूरच्या पेठेतही येथला कापूस बैलांनीच जात असे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. सडका झाल्या, गाड्या धावू लागल्या आणि १८६७ साली आगगाडी नागपुरास पोचली. जो माल तांडा महिनोन्‌महिने वाहून नेई, तो दोन दिवसांत जाऊ लागला. मिठावर सरकारी अंमल आणि कर बसलेच होते. गायराने व जंगले राखीव झाली, तेव्हा फुकट चरत चालणाऱ्या बैलांचा हिशेबच कोलमडला. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा एका माणसाच्या हयातीत संपला. त्यावर कळस म्हणून १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. फिरता माणूस तो संशयित, अशी त्या कायद्याची वृत्ती होती. अनेक प्रांतांत बंजारे व लमाण त्याच्या कचाट्यात सापडले. ज्यांच्या गोण्यांवर फौजा जगल्या, त्यांस ठाण्यावर हजेरी द्यावी लागली. तो कायदा रद्द होण्यास ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला.

असा आघात झालेला समाज विखरून नाहीसा होऊ शकतो. तसे झालेले समाज या देशात आहेत. यवतमाळच्या डोंगरांत तांडे बसले, ते मात्र तांडे म्हणूनच बसले. नाईक राहिला, कारभारी राहिला. पाल जाऊन कुडाची झोपडी आली, तरी तांड्याच्या मध्यभागी निशाण उभे राहिले. उत्तम काळी जमीन आधीच इतरांच्या वहिवाटीत होती. यांच्या वाट्यास उतारावरची, दगडगोट्यांची आली. ज्या हातांनी गोण्या लादल्या त्यांनी ते दगड वेचले. बैल तेच होते, फक्त पाठीवरच्या गोणीच्या जागी मानेवर जू आले. या पालटाचे दुःख झाले नसेल असे कोणी समजू नये. लदेणीच्या गाण्यांत ते आजही ऐकू येते. परंतु त्या गाण्यांपायी नांगर धरावयाचा राहिला नाही.

पुसद तालुक्यातील गहुली हे गाव या पालटाची साक्ष आहे. चतुरसिंग नाईकांनी ते वसविले. त्यांचा नातू १ जुलै १९१३ रोजी तेथे जन्मला, नागपुरास वकिली शिकला आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला. वसंतराव नाईकांनी ते पद अकरा वर्षांहून अधिक काळ सांभाळले. संकरित ज्वारी, १९७२ चा दुष्काळ, रोजगार हमी ही त्यांच्या कारकिर्दीची सर्वपरिचित पाने. त्यांचा जन्मदिवस आज राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. ज्याच्या पूर्वजांस जमीन कसणे हे परक्याचे काम वाटे, त्या घराण्यातील पुरुषाच्या नावे शेतकऱ्याचा दिवस साजरा व्हावा, ही घटना तांड्याच्या प्रवासाचे अंतर दाखविते. १९५३ साली दिग्रस येथे बंजारा समाजाची मोठी परिषद भरली, तेव्हाही विषय हेच होते: शिक्षण, व्यसनमुक्ती, जुन्या चालींपैकी काय ठेवावे आणि काय टाकावे. रुईगडाच्या परिसरातच तो विचार व्हावा, हा योग आम्हांस मोलाचा वाटतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. एका गहुलीवरून सर्व तांड्यांचे चित्र रंगविणे हे आत्मसमाधान होय. विदर्भ-मराठवाड्यातील अनेक तांडे दिवाळी होताच ऊसतोडीस बाहेर पडतात आणि लदेणी संपली तरी पायपीट संपली नाही, असे तेथील वृद्ध म्हणतात ते खोटे नाही. यवतमाळच्या कोरडवाहू कपाशीने किती घरांचे दिवे विझविले, हे या जिल्ह्यातील वाचकांस आम्ही सांगावयास नको. सोडलेल्या गोष्टींत काही सोडावयाच्या नव्हत्या, असेही वाटणारे आहेत. आरशांच्या कशिद्याची फेटिया-कांचळी आता थोड्याच वृद्धांच्या अंगावर दिसते. गोरबोली शाळेच्या दारात थांबते. पोहऱ्यास बंजारा वारशाचे भव्य संग्रहालय उभे राहिले आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या वास्तूस आकार दिला आहे नंगाऱ्याचा. तांड्यात नंगारा वाजविणारे हात अजून आहेत, ही त्याहूनही आनंदाची गोष्ट.

रामनवमीस पोहऱ्यात दोन निशाणे दिसतात. देवीचे तांबडे आणि सेवाभायाचे पांढरे. यात्रेकरू तूप, गूळ, गहू घेऊन येतात. भोगाचा अग्नी पेटतो, धूर दूरवर जातो. नंगाऱ्यावर टिपरू पडते आणि अरदास सुरू होते. या प्रार्थनेचा क्रम नव्या माणसाने ध्यान देऊन ऐकावा. प्रथम किडामुंगीचे कुशल मागितले जाते, नंतर साऱ्या जीवमात्रांचे, त्यानंतर सर्वांचे. ती संपली की म्हातारी माणसे समाधीवर माथा टेकवितात, बायका लहानग्यांस पुढे करतात, आणि भोगाचा गोड प्रसाद द्रोणांतून वाटला जातो. दिवस कलताच ट्रॅक्टर पुन्हा सुरू होतात. पुसदच्या घाटात पोचावयास रात्र होणार असते, आणि शेतातील पऱ्हाट्या उपटावयाच्या राहिलेल्या असतात.